पायरीवर बसलेली

सोमवार, ३ मार्च

बारके,

स्टेशनाबाहेर तुझी चार पोस्टर्स, पुलावर सहा, आणि आपल्या कोपऱ्यावरचं तर एवढं मोठं की तुझ्या एका कानाखाली अख्खा बसथांबा मावला आहे. फोटो चांगला आलाय. डावी भुवई त्यांनी सरळ करून टाकली. मला वाकडीच बरी वाटायची.

फोन करत नाही. फोनवर आपलं काय होतं ते दोघींना माहीत आहे. तुझा ड्रायव्हर रोज सकाळी बाबांची वर्तमानपत्रं आणि फळं घेऊन येतो, त्याच्या हाती हे पाठवते. त्याने मला विचारलं, तुम्ही ताईंच्या कोण? मी म्हटलं, ताईंची ताई. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

बाबा बरे आहेत, म्हणजे खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस जितका बरा असतो तितके. मी आत गेले तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडले होते. पावलं वाजली तशी म्हणाले, "बारके, आलीस?" मी म्हटलं, थोरली आहे. "असं होय," म्हणाले, आणि पाणी मागितलं. अकरा वर्षांत ते माझ्याकडे दोनदा येऊन गेले, पण या घरात मी आज पहिल्यांदा पाऊल टाकलं. त्याला "असं होय".

माझी खोली आता तुझी झाली आहे हे मला कोणी कळवलं नव्हतं. रस्त्यावरची खिडकी, मोठं कपाट, सगळं. कपाटात साड्या असतील म्हणून उघडलं तर फायली. 'गटारं', 'दिवे', 'पेन्शन', 'गच्चीची गळती'. पालिकेच्या निवडणुकीचा प्रचार संपेपर्यंत तू ऑफिसच्या वरच्या खोलीत राहणार, तेव्हा तुझ्या पलंगावर मी झोपणार. गादी मधोमध खचली आहे. मी कडेला झोपते.

सोबत तुझं पत्रक परत पाठवते आहे. सात चुका होत्या, लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत. राग मानू नकोस. पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासून तपासून मला आता औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा सुधारावंसं वाटतं.

ताई (मूळची)


रविवार, ९ मार्च

बारके,

बाबा वॉकर घेऊन दारापर्यंत जातात. परत येताना चिडतात. चिडले म्हणजे सुधारताहेत, असं नर्सबाई म्हणाल्या.

तुझ्या गैरहजेरीत तुझा दरबार माझ्यापुढे भरतो. सकाळी आठपासून बेल. कोणाचा दाखला अडलाय, कोणाच्या जिन्यात दिवा नाही. मी दार उघडलं की लोक माझ्या खांद्यावरून आत बघतात, ताई नाहीत का? नाहीत म्हटलं की मला निरोप सांगतात, हळूहळू, एकेक शब्द सुटा करून, मी लिहून घेते आहे ना याची खात्री करत. समोरच्या काकू तर मला ओळखतात. दोन वेण्या घालून त्यांच्याच दारात मी वाढले. त्याही म्हणाल्या, "तू आलीस ते बरं झालं गं, तिला जरा मोकळीक." म्हणजे मी आले ती तुझी सोय म्हणून.

औषधाच्या दुकानातला म्हातारा चिठ्ठीवर बाबांचं नाव वाचून खुर्चीतून उठून उभा राहिला. मी त्याच्याकडून वीस वर्षं औषधं नेली, तेव्हा तो बसूनच द्यायचा.

काल संध्याकाळी काकूंना बाबांजवळ बसवून तुझ्या सभेला गेले. शाळेच्या मैदानावर, जनरेटरच्या शेजारी, पार मागे उभी होते. तू छान बोलतेस. कागद न बघता. लोकांना मध्येच हसवतेस आणि हसणं संपायच्या आत कामाचं बोलून घेतेस. हे तू कधी शिकलीस? लहानपणी पाहुणे आले की पलंगाखाली जायचीस.

मग तू ती बाटलीची गोष्ट सांगितलीस.

शेजारची बाई आधीच डोळे पुसायला लागली होती. तिला पाठ होती बहुतेक. नळाला गढूळ पाणी यायचं, घरोघरी तापाची माणसं, कोणी ऐकेना, आणि मग एक शाळकरी मुलगी त्या पाण्याची बाटली घेऊन पालिकेत गेली. साहेबाच्या दारात सकाळी नऊपासून चारपर्यंत उभी राहिली. शेवटी बाटली त्याच्या टेबलावर ठेवून म्हणाली, एक घोट प्या, मग मी घरी जाते. साहेब उठून उभा राहिला. आठ दिवसांत नवी पाइपलाइन.

"ती मुलगी आज तुमच्यापुढे उभी आहे," तू म्हणालीस.

गोष्ट चांगली सांगितलीस. तपशिलात एखाद-दुसरी चूक होती. साहेबाच्या टेबलावर पंखा नव्हता, भिंतीवर होता. बाटली सरबताची होती, लेबल पूर्ण निघालं नव्हतं. आणि तू सात वर्षांची होतीस. बाहेर पायरीवर बसली होतीस. आठवतं?

ताई


बुधवार, १२ मार्च

बारके,

ड्रायव्हरने तुझी चिठ्ठी दिली. "बाबांची सकाळची गोळी खाल्ल्यावर द्यायची, आधी नाही. बाकी निवडणुकीनंतर बोलू."

बाकी. माझं अख्खं पत्र तू एका 'बाकी'त गुंडाळलंस. बरं.

गोळी खाल्ल्यावरच देते आहे.


रविवार, १६ मार्च

बारके,

संध्याकाळचं वर्तमानपत्र पाहिलं. 'बाटली कोणाची?' एवढ्या मोठ्या अक्षरांत. मला फार वाईट वाटलं. असं निवडणुकीच्या तोंडावर छापायचं म्हणजे काय? कोणी सांगितलं असेल कोण जाणे. जुनी माणसं आहेत अजून गल्लीत, आठवण असते एकेकाला. विरोधकांनी पेरलं असेल. ती वार्ताहर मुलगी गुरुवारी घरी येऊन गेली होती, पण ती बाबांच्या तब्येतीबद्दल विचारत होती. मी तिला चहा दिला. त्यापलीकडे काही झालं नाही.

बातमीसोबत छापलेलं जुनं कात्रण त्यांना कुठून मिळालं याचंही मला नवल वाटतं. अशी कात्रणं ग्रंथालयात असतात.

तू मन खंबीर ठेव. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

ताई


सोमवार, १७ मार्च, सकाळ

बारके,

कालचं पत्र फाडून टाक. ते खोटं आहे. तुला ते वाचतानाच कळलं असेल. मी खोटं बोलायला लागले की वाक्यं वाढतात.

मीच सांगितलं.

ती मुलगी बाबांसाठीच आली होती, ते खरं. बाबा झोपले होते. मी चहा ठेवला. तिने खोलीभर नजर फिरवली, माझ्या टेबलावरची मुद्रितं पाहिली आणि विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही काय करता?" दहा दिवसांत मला हा प्रश्न विचारणारी ती पहिली. बारके, तेवढं पुरलं. मी तासभर बोलत होते. तिने पुरावा आहे का विचारलं तेव्हा मी स्वतः स्टुलावर चढले, माळ्यावरची आईची पेटी काढली आणि कात्रण तिच्या हातात ठेवलं. फोटोत मी बाटली घेऊन उभी, फ्रॉकला गाठ मारलेली, आणि मागे पायरीवर तू. आईने ते मेणकागदात जपलं होतं. मी एका अनोळखी मुलीला दिलं. ती गेल्यावर मी भांडी घासताना गुणगुणत होते. हे लिहिताना मान खाली जाते आहे, पण गुणगुणत होते हे खरं.

मला वाटलं होतं, एक चूक दुरुस्त होईल. लाल शाईची एक रेघ, संपलं. आता विरोधकांच्या गाड्या भोंगा लावून आपल्या खिडकीखालून फिरतात. 'आयत्या बिळावर नागोबा' असं काहीतरी गाणं केलंय. सकाळपासून एकदाही बेल वाजलेली नाही.

आणि बाबांनी भोंगा ऐकला. मला हाक मारली, वर्तमानपत्र मागितलं, चष्मा मागितला. पूर्ण वाचलं. मला वाटलं ते म्हणतील, बारकीने असं करायला नको होतं. मी त्याची वाट बघत होते, खोटं कशाला बोलू.

ते म्हणाले, "हे तिचं नाही. हे माझं आहे."

मग हळूहळू सांगितलं. मी गेल्यावर लोक आले की ते ही गोष्ट सांगायचे. माझीच म्हणून सांगायचे. "पण थोरलीचं नाव काढलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ती येत का नाही? मला त्याचं उत्तर देता यायचं नाही. एकदा तोंडून थोरलीऐवजी बारकी निघून गेलं. कोणी काही विचारलं नाही. मग तसंच सांगायला लागलो."

तू तीनदा त्यांची चूक सुधारलीस म्हणे. लोकांसमोर. तिसऱ्यांदा सुधारलीस तेव्हा ते जेवले नाहीत. मग तू सोडून दिलंस. पत्रक काढायच्या वेळी तुझा तो दाढीवाला प्रचारप्रमुख बाबांकडेच आला होता माहिती घ्यायला, आणि बाबांनी त्याला हीच गोष्ट दिली.

माझ्या नऊ तारखेच्या पत्राला तू उत्तर लिहू शकली असतीस. 'बाबांमुळे' एवढं एकच. नाही लिहिलंस. मला आता तुझा त्यासाठीही हेवा वाटतो.

ताई


मंगळवार, २५ मार्च

बारके,

तुझ्याकडून काही नाही. ड्रायव्हर फळं ठेवतो, माझ्याकडे न बघता जातो. पत्र मात्र घेतो.

मी काय केलं ते सांगते. आधी त्या वार्ताहर मुलीकडे गेले. म्हटलं, गोष्टीचा दुसरा अर्धा भाग लिही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ही बातमी नाही, ही घरगुती बाब आहे. कात्रण तेवढं परत आणलं. मग तुझ्या ऑफिसात गेले, दाढीवाल्याला म्हटलं, मला सभेत दोन मिनिटं बोलू दे. तो म्हणाला, "तुम्ही आता काहीही करू नका, हेच तुमचं सहकार्य." त्याचंही बरोबर आहे.

म्हणून त्याच्या टेबलावरून पत्रकांचा एक गठ्ठा न विचारता उचलला. गेले सहा दिवस दुपारी बाबा झोपले की काकूंना बसवते आणि मी दारं वाजवते. बोलणं ठरलेलं आहे. मी तिची थोरली बहीण, बाटली माझी होती, ती गोष्ट तिने नाही, आमच्या वडिलांनी बदलली, आणि मी इथे राहत नाही, ती राहते.

काही दारं तोंडावर बंद झाली. एका माणसाने विचारलं, ताईंनी तुम्हाला किती दिवसांच्या बोलीवर आणलंय? पण बरीच उघडली. आणि बारके, तिथे माझी खरी शिक्षा झाली, कारण प्रत्येक दारात मला तुझं काहीतरी ऐकून घ्यावं लागलं. दुसऱ्या गल्लीतल्या शिंपिणीच्या आजारी नवऱ्याला तू खुर्चीत बसवून चार मजले खाली आणलंस. शाळेच्या मागच्या इमारतीत लिफ्ट बंद होती तेव्हा महिनाभर एका आजीबाईंची औषधं तू वर पोचवलीस. कोणाच्या मुलीच्या दाखल्यासाठी नऊ खेपा. त्यांना आकडे पाठ आहेत. तू मला कधी सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी तिकडून फोनवर सल्ला दिला असता, हो ना? उंटावरून शेळ्या हाकणं मला छान जमतं.

असं समजू नकोस की माझी जळजळ कमी झाली. वाढली. इतके दिवस मी तुझ्या पोस्टरवर जळत होते, ती जळजळ हलकी होती. आता तिला कारण मिळालं.

आज जिन्यात तू भेटलीस त्याबद्दल लिहिते, कारण तिथे माझ्याकडचं सांगायचं राहिलं. तू वरून उतरत होतीस, मी चढत होते, दोघींच्या हातात तेच पत्रक. तुझी माणसं पुढे निघून गेली. तू इतकी वाळली असशील असं पोस्टरवरून वाटत नव्हतं. मला वाटलं तू ओरडशील. तू कठड्याला टेकलीस आणि विचारलंस, "त्या दिवशी मी पायरीवर रडत होते, ते तुला आठवतं?"

आठवतं, मी म्हटलं. भुकेने रडत होतीस. मी तुला कडेवर घेऊन घरी आणलं.

"भुकेने नाही," तू म्हणालीस. "मला वाटत होतं त्या साहेबाने तुला हाकलून द्यावं. सकाळपासून देवाकडे तेवढंच मागत होते. तो उठून उभा राहिला तेव्हा मला रडू आलं."

आणि तू खाली गेलीस. मी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले, पण दार वाजवलं नाही. पंचेचाळीस वर्षं होत आली आपल्याला बहिणी होऊन. मला वाटत होतं या रोगाची मी एकटीच रोगी.

आता माझ्याकडचंही एक लिहून टाकते. आई गेल्यानंतर परगावच्या नोकरीची पत्रं आपल्या दोघींना आली होती. एकाच आठवड्यात. तुझं पत्र मी आधी पाहिलं होतं. टपाल मीच वर आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी बाबांना सांगितलं की माझं ठरलं आहे, आणि बॅग भरायला घेतली. तू बाहेर आलीस तेव्हा माझी बॅग पलंगावर होती. बाबांजवळ एकीला राहावं लागणार होतं, जिची बॅग आधी भरली ती गेली. दारात तू म्हणालीस, "जा, पण मग ताईपणा गाजवायला परत येऊ नकोस." ते वाक्य मी अकरा वर्षं तुझ्याविरुद्ध वापरलं. मी का येत नाही असं कोणी विचारलं की मी तेच सांगायचे. तुझ्या पत्राचं सांगत नव्हते.

ताई


सोमवार, ३१ मार्च, दुपार

बारके,

तू आतल्या खोलीत झोपली आहेस. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर लिहिते आहे. हे तोंडावर सांगायची हिंमत नाही, उठलीस की वाच.

एकशे त्रेसष्ट मतांनी हरलीस. माझ्या कात्रणाने किती गेली आणि माझ्या दारं वाजवण्याने किती आली, याचा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही. पण मला माहीत आहे तो कुठल्या बाजूला झुकतो.

बाबा रेडिओ लावून बसले होते. तू पडलीस असं ऐकलं त्या क्षणी मला बरं वाटलं. एक क्षण, पापणी लवायला लागतो तेवढा. लगेच मी ओट्याला धरून उभी राहिले. पण आधी तो क्षण होता. तू जिन्यात तुझं सांगितलंस, म्हणून माझं सांगते. आता आपल्यात फिट्टंफाट झाली असं मी म्हणत नाही. तू सात वर्षांची होतीस. मी बावन्नची आहे.

तू घरात आलीस, चपला काढल्यास आणि बाबांच्या पायाशी बसलीस. त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, माझ्यामुळे झालं. तू म्हणालीस, "कोणामुळे ते राहू दे. मला झोप आली आहे." मग माझ्याकडे वळून, जसं काही दुधाचं सांगावं तसं म्हणालीस, "आता तू राहा. मी जाते."

कुठे, ते मी विचारलं नाही. किती दिवस, तेही नाही. मी 'बरं' म्हटलं. तू उठायच्या आत तुझी बॅग मी खाली काढून ठेवली आहे. भरली नाही. ती तू भर.

ताई


मंगळवार, २२ एप्रिल

बारके,

तुझं कार्ड मिळालं. समुद्र आहे हे चित्रावरून कळलं, तू चार ओळींच्या वर काही लिहिलंच नाहीस. बाबांनी ते वॉकरच्या दांडीला क्लिपने लावलंय. वॉकर आता फक्त रस्त्यावर लागतो, घरात भिंत धरून चालतात. तू तिकडे काय करत असशील असं रोज विचारतात. मी म्हणते, झोपली असेल. ते म्हणतात, झोपू दे.

माझ्या प्रकाशकाने मुद्रितं इकडे पाठवायला सुरुवात केली आहे. मी ती दुपारी बघते. सकाळ माझी राहिलेली नाही, कारण बेल पुन्हा वाजायला लागली. पहिल्या दिवशी मी सांगितलं, ती गावाला गेली आहे आणि ती निवडूनही आलेली नाही. त्यावर शाळेच्या मागच्या इमारतीतल्या आजीबाई म्हणाल्या, "ते माहीत आहे. पण पाणी वर चढत नाही त्याचं काय?"

तुझ्या फायलींत त्या इमारतीची वेगळी फाइल निघाली. सगळे अर्ज तारखेप्रमाणे लावलेले. मी ती काखोटीला मारून पालिकेत गेले. खरं सांगते, जाताना ऐटीत होते. ही इमारत, हा जिना, हे तर माझंच मैदान. साहेबाच्या दारात उभी राहिले. कोणी हाकललं नाही. कोणी बघितलंही नाही. अडीच तासांनी कारकुनाने मान वर केली, फाइल चाळली आणि म्हणाला, गुरुवारी या. मी म्हटलं, मी आता इथून हलणार नाही. तो म्हणाला, "उभ्या राहा की, बाई. पण पंपाची सही गुरुवारीच होते. त्या बाईंना माहीत आहे. त्या गुरुवारीच यायच्या."

बाहेर येऊन बसले आणि फाइल पहिल्यापासून वाचली. त्या एका पंपासाठी तुझ्या बावीस खेपांची नोंद आहे. सगळे गुरुवार. काही पानांवर नुसतं लिहिलंय, 'साहेब रजेवर', 'शाई संपली', 'पुढच्या गुरुवारी'. एका पानावर, 'आज वरच्या टाकीत पाऊण इंच पाणी चढलं'. त्याच्याखाली तू दोन रेघा मारल्या आहेत.

मी आयुष्यात एक दिवस उभी राहिले, तर त्याचा फोटो छापून आला.

परवा गुरुवार आहे. मी जाणार आहे. तिथे सहीसाठी आधी कोणाला भेटायचं, कुठल्या खिडकीवर ओळख काढायची, शिपायाशी काय बोलायचं, हे मला काही ठाऊक नाही. तू कळव. आणि परत कधी येतेस तेही कळव. 'घाई नाही' असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं आहे.

ताई